सिरॅमिक वाकवलं की फुटतं, मग सिरॅमिक सुपरकंडक्टरची (थंड केल्यावर विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थाची) तार वाफेपासून कशी बनवतात? घरी जमेल का?

तार म्हणतात खरं, पण हातात येते ती चपटी फीत. साधारण ४ मिलिमीटर रुंद, जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर, दिसायला तांब्याची. तिच्या पोटात यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडचा, म्हणजे त्या सिरॅमिक सुपरकंडक्टरचा, थर असतो एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इतका पातळ म्हणूनच तो पट्टीसोबत वाकतो आणि माल रिळावर गुंडाळता येतो. फुटण्याचा प्रश्न तिथेच बराचसा मिटला.

खरी डोकेदुखी दुसरीच. हा पदार्थ १९८७ मध्ये सापडला. ९२ केल्विनच्या (उणे १८१ अंश सेल्सिअस) आसपास त्याचा रोध शून्य होतो, म्हणजे द्रव नायट्रोजनवर (७७ केल्विन) काम भागतं. पण लगेच १९८८ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी दाखवलं, की शेजारशेजारच्या स्फटिकांच्या दिशा पाच-दहा अंशांनी जरी फिरल्या तरी त्यांच्या सीमेवर प्रवाह कोसळतो. थोडक्यात, शेकडो मीटर लांबीत सगळे स्फटिक एका रांगेत हवेत!

म्हणून निम्मी मेहनत सुपरकंडक्टर यायच्या आधीच होते. हॅस्टेलॉय या निकेलच्या मिश्रधातूची पट्टी आरशासारखी घासतात. तिच्यावर निर्वातात मॅग्नेशियम ऑक्साइडची वाफ बसत असतानाच तिरका आयनांचा झोत सोडतात. वाकड्या दिशेचे कण त्यात टिकत नाहीत, सरळ तेवढे वाढतात. दहाएक नॅनोमीटर थरात ही शिस्त लागते. मला तरी या सगळ्या प्रकारातली हीच खरी करामत वाटते.

त्यावर आणखी एक-दोन ऑक्साइडचे थर, मग मुख्य वाफ. तिन्ही धातूंची सेंद्रिय संयुगं द्रावणातून वाफवून ८०० अंशांच्या आसपास तापलेल्या पट्टीवर ऑक्सिजनसोबत सोडतात. यात बेरियम फार हट्टी. त्याचं संयुग मुळात वाफ व्हायला कुरकुरतं, आणि वाटेत नळी जराशी थंड पडली की तिथेच बसतं. काही कंपन्या त्याऐवजी लेसरने त्याच पदार्थाच्या घट्ट गोळ्याचा पृष्ठभाग उडवून थर देतात.

शेवटी चांदीचा थर देऊन ऑक्सिजनमध्ये तापवतात. चांदीतून ऑक्सिजन आरपार जातो, आणि तो पुरेसा मुरला नाही तर सुपरकंडक्टर होतच नाही. मग तांब्याचा मुलामा.

घरी? फीत विसरा. सुपरकंडक्टरची छोटी वडी मात्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते: यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट, कॉपर ऑक्साइड खलून, दाबून, ९०० अंशांच्या वर भाजायचं आणि ऑक्सिजनमध्ये सावकाश निववायचं. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, हातमोजे आणि मास्क घालूनच खला.