तुमचा प्रश्न, आमचं उत्तर

प्रश्न: माझा जुना रास्पबेरी पाय (हाताएवढा छोटा कॉम्प्युटर) गावाकडच्या घरी चालू असतो आणि मी पुण्यातून एसएसएचने (दुरून कमांड द्यायची सोय) लॉगिन करतो. युजर 'पाय', पासवर्ड 'रास्पबेरी', अजून तोच आहे. इथूनच बदलता येईल का, की गावी जावं लागेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर: अहो गावी कशाला जाताय, पण आजच बदला! हा पासवर्ड अख्ख्या जगाला पाठ आहे, 2016 मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रॅमने, असेच कंपनीने आधीपासून घालून दिलेले पासवर्ड टाकून बघत लाखो कॅमेरे नि राऊटर ताब्यात घेतले होते. लॉगिन करून पासवर्डची कमांड द्या, स्पेलिंगमधले ओ आणि आर गाळायचे बरं का (passwd), आणि कमांडच्या आधी सुडो (sudo, मुख्य युजरच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) लावू नका नाहीतर रूटचा, म्हणजे त्या मुख्य युजरचा, पासवर्ड बदलेल नि तुमचा तसाच राहील. आधी जुना विचारेल मग नवा दोनदा, टाइप करताना स्क्रीनवर काहीच दिसत नाही, कीबोर्ड बिघडलेला नाही. मेन म्हणजे ती विंडो लगेच बंद करू नका, दुसरी उघडून नव्या पासवर्डने आत जाता येतंय ना बघा. एप्रिल 2022 पासूनच्या रास्पबेरी पायच्या सिस्टीममध्ये हा ठरलेला 'पाय' युजर काढूनच टाकलाय, उशिरा का होईना.