वाचकांचे प्रश्न : कोल्हापूर आणि १९४९ साल

प्रश्न : आमच्याकडे १९४८ चा एक जमिनीचा कागद असून त्यावर करवीर सरकारचा (म्हणजे कोल्हापूर संस्थानाचा) शिक्का आहे. देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला असताना हे कसे? आमचे आजोबा तर 'कोल्हापूर एकोणपन्नास साली स्वतंत्र झाले' असे म्हणत. त्यांची चूक होत होती का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आजोबांचा शब्द चुकला असेल, साल चुकले नाही. संस्थानांनी १९४७ मध्ये जे सामीलनामे केले, त्यांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीनच विषय भारत सरकारकडे गेले. शेतसारा, पोलीस, कोर्टकचेऱ्या हे रयतेच्या रोजच्या संबंधातले सारे संस्थानाकडेच राहिले. सांगली, मिरज, औंध, फलटण ही दक्षिणी संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. छत्रपती शहाजी महाराजांचे कोल्हापूर मात्र त्यानंतर जवळजवळ वर्षभर वेगळे राहून १ मार्च १९४९ रोजी त्याच प्रांतात आले आणि कोल्हापूर जिल्हा झाला. सामील होणे आणि विलीन होणे यांत एवढे अंतर आहे, आणि बोलण्यात ते नेहमी पुसले जाते.

शाळेच्या इतिहासात १९४७ नंतर एकदम १९५० येते, हे मला नेहमी खटकते. कारण १ जानेवारी १९४९ रोजी काश्मीरमध्ये युद्धबंदी झाली आणि त्याच दिवशी रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली, १ मे रोजी बडोदेही मुंबई प्रांतात आले, सप्टेंबरात पौंडापाठोपाठ रुपयाचे अवमूल्यन होऊन सुमारे ३ रुपये ३१ पैशांचा डॉलर ४ रुपये ७६ पैशांवर गेला (पैसे आजच्या हिशेबाने, तेव्हा आणे चालत). २६ नोव्हेंबरला संविधान सभेने संविधान स्वीकारले. त्यातली नागरिकत्वाची ५ ते ९ ही कलमे त्याच दिवशी अमलात आली, बहुतेक इतर कलमांना २६ जानेवारी १९५० ची वाट पाहावी लागली. म्हणजे कालपर्यंत महाराजांची प्रजा असलेल्या कोल्हापूरकरांच्या बाबतीत विलीनीकरण आणि नागरिकत्वाची कलमे या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात, नऊ महिन्यांच्या आत घडल्या. आजोबांना नेमके हेच साल आठवावे, यात नवल नाही.

तेव्हा १९४८ च्या कागदावर करवीर सरकारचा शिक्का असणे रास्तच आहे. १९५० च्या कागदावर तो असता, तर मी तुम्हाला तारीख पुन्हा वाचायला सांगितले असते.