आलेली गाडी आधी थांबवायची

पोरी,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. फोन करणार होतो. पण फोनवर तू नुसतं 'हो सर, हो सर' म्हणतेस आणि मनात तेच धरून बसतेस. म्हणून लिहितोय.

एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्याला आग. आजूबाजूच्या दलांचे बंब निघालेले. बरोबरीची पोरं आत धुरात, आणि तुला मात्र नाक्यावर नोंदवही देऊन उभं केलं. येणारी प्रत्येक गाडी थांबव, लिहून घे, आतून मागणी आल्याशिवाय सोडू नको. दुसऱ्या दिवशी पोरांचे काजळलेले चेहरे ग्रुपवर झळकले आणि तुझं नाव पडलं 'पार्किंग मॅडम'. शेवटची ओळ तू बहुतेक दोनदा पुसून तिसऱ्यांदा लिहिली असशील: बाई आहे म्हणून मला बाहेर ठेवलं का?

असेलही. मी तिथं नव्हतो, तुझ्या साहेबांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही. तसं असेल तर भांड. पुढच्या आगीच्या वर्दीला ब्रांच, म्हणजे पाण्याच्या पाइपचं तोंड, हातात माग. मी तुझ्या बाजूनं उभा राहीन. पण त्या रागात त्या कामाला हलकं म्हणू नकोस, ते मला सहन होणार नाही. देणाऱ्यानं कुठल्याही कारणानं दिलेलं असो, त्या रात्रीचं सगळ्यात जोखमीचं काम तुझ्या हातात होतं.

आलेली गाडी आधी थांबली पाहिजे. हे एकच वाक्य मी नोकरीभर सांगत आलो आणि त्यापायी पुष्कळ लोकांना नकोसा झालो. तरी पुन्हा तेच सांगतो. थांबली पाहिजे, कुणाची आहे, कुठून आली, काय घेऊन आली हे कळलं पाहिजे, आणि मग ज्याच्या हाती कमान आहे त्यानं मागितली तरच पुढं गेली पाहिजे.

आता हिशेब कर. आपल्या नेहमीच्या वॉटर टेंडरमध्ये, म्हणजे बंबात, ४,५०० लिटर पाणी. पंप मिनिटाला २,२५० लिटरचा. पूर्ण ताकदीनं चालवला तर टाकी दोन मिनिटांत कोरडी. म्हणजे मोठ्या आगीत बंबातलं पाणी हे नुसतं सुरुवातीचं पाणी. खरी लढाई टँकरच्या फेऱ्यांची. भरलेला आत, रिकामा बाहेर, पुन्हा भरून आत. हे चक्र अखंड फिरायला हवं. आणि आपल्या औद्योगिक वसाहतींमधले रस्ते तू पाहिलेस. एका बाजूला उभे केलेले ट्रक, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. त्यात मदतीला धावून आलेला एखादा बंब गेटाशी आडवा लागला, त्याच्या पाण्याच्या होज रस्त्यावर पसरल्या, की रिकामा टँकर आत अडकतो आणि भरलेला बाहेर. चक्र थांबतं. आगीजवळ उभ्या पोरांच्या ब्रांचमधलं पाणी बारीक होत जातं आणि त्यांना कळतही नाही की आपलं पाणी आपल्याच मदतीनं अडवलंय. हायड्रंटचं, म्हणजे बंबांना पाणी देणाऱ्या नळाचंही तेच. एकाच लाइनवर चार पंप लागले की चौघांचाही दाब मरतो.

पंगतीत सगळे वाढपी एकाच पानाशी जमले तर बाकीची पानं रिकामीच राहतात.

आणि फोम, पेटत्या रसायनावर मारायचा तो फेस? रसायनांच्या आगीला आलेल्या पहिल्या गाड्यांपैकी पुष्कळांत नुसतं पाणी असतं. फोमचे ड्रम कुणाकडं आहेत, किती आहेत, हे नाक्यावरच्या माणसाला माहीत नसेल तर कुणालाच माहीत नसतं. आतला अधिकारी वॉकीटॉकीवर फोम मागत राहतो आणि फोमची गाडी चार पाण्याच्या गाड्यांमागं उभी असते. शिवाय प्रत्येक दलाचा बिनतारी संच वेगळ्या वारंवारतेवर. शेजारच्या नगरपरिषदेच्या ड्रायव्हरला तुझा कंट्रोल रूम ऐकूच येत नाही. त्याला तोंडी सांगणारं माणूस एकच असतं, नाक्यावरचं.

तुम्हाला नागपूरच्या अग्निशमन महाविद्यालयात इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिम, म्हणजे आपत्तीत कुणी काय करायचं याची पद्धत, शिकवली असेलच. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१० साली त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात स्टेजिंग एरिया, म्हणजे आलेल्या गाड्या थांबवून ठेवायची जागा, वेगळी मांडलीय, मॅनेजरसकट. परीक्षेपुरतं तक्त्यातला तो चौकोन सगळे काढतात. वर्दीवर गेल्यावर पहिल्यांदा त्याच चौकोनावर काट मारतात, कारण माणूस कमी असतो आणि 'उभं राहायला' माणूस देणं जिवावर येतं. ही पद्धत जिथून आली त्या कॅलिफोर्नियात १९७० साली वणव्यांनी १३ दिवसांत १६ बळी घेतले, सातशेहून जास्त बांधकामं खाक झाली. नंतर त्यांच्या लक्षात आलं की तुटवडा गाड्यांचा कमी आणि एकमेकांशी जुळण्याचा जास्त होता. पाच सारख्या गाड्या आणि त्यांच्यावर एक म्होरक्या, अशी तुकडी करूनच पुढं पाठवायची, एका माणसाच्या हाताखाली तीन ते सातच जण ठेवायचे, हे सगळं त्यातून जन्मलं. स्टेजिंगमधली गाडी हाक आल्यापासून तीन मिनिटांत हलली पाहिजे हा नियमही तिथलाच. तीन मिनिटं. म्हणजे तुझ्या नाक्यावर उभी असलेली गाडी झोपलेली नसते. ड्रायव्हर जागेवर, माणसं कपड्यात, धुरात श्वास घ्यायचे बीए सेट तपासलेले. तू हे सगळं त्या रात्री केलंस का? मेसेजमध्ये याबद्दल एक शब्द नाही, अपमानाबद्दल मात्र चार परिच्छेद आहेत.

रागावू नकोस. रागावलीस तर रागाव.

दर १४ एप्रिलला तू परेडला उभी राहतेस. कशासाठी ते तुला सांगायला नको. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गाठींनी पेट घेतला, आणि त्याच जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती. दुपारी आग लागली, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. आपले ६६ जवान गेले. त्यांच्या शौर्याबद्दल दरवर्षी भाषणं होतात आणि ती व्हायलाच हवीत. मला मात्र दरवर्षी त्या धक्क्यावरची दुपार आठवते, वाचलेली. जहाजाचा कप्तान हजर, गोदीचे अधिकारी हजर, दारूगोळ्याचे जाणकार हजर. जहाज बुडवायचं, बाहेर ओढून न्यायचं की विझवत राहायचं, हे एकट्यानं ठरवू शकेल असा कुणी नाही. बंब आणि माणसं जहाजाला भिडून उभी. स्फोटानंतर आगी लांबवर पसरल्या तेव्हा ज्या माणसांनी त्या विझवायच्या तीच आधी गेली होती. त्या जवानांनी सांगितलेलं काम केलं, त्यांच्याकडं बोट दाखवण्याची माझी लायकी नाही. मी एवढंच म्हणतो की सगळी ताकद एकाच जागी नेऊन ठेवायची नाही, हे शिकायला एवढी किंमत मोजून झालीय. आपण ती पुन्हा मोजू नये.

डोंबिवलीत २०१६ च्या आणि २०२४ च्या मे महिन्यात कारखान्यांत स्फोट झाले तेव्हा दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. म्हणून थांबण्याची जागा गेटासमोर कधीच नको. वारा जिकडून येतो त्या अंगाला, पक्की जमीन, आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी. चालत यायला लांब पडते म्हणून पोरं कुरकुरतील. कुरकुरू देत.

आता माझं ऐक. भिवंडीच्या गोदामपट्ट्यात एका रात्री मी सहा बंब महामार्गालगत थांबवून ठेवले होते. आत गोदाम धडाडून पेटलेलं, आणि बाहेर सहा बंब दिवे फिरवत उभे. लोक चिडले. एक लोकप्रतिनिधी आले, माझ्या तोंडावर बोट नाचवत म्हणाले, ह्या गाड्या कुणाच्या लग्नाला आणल्यात? मी त्यांना नोंदवही दाखवली. आत जाणारा रस्ता एकच, त्यावर टँकरच्या फेऱ्या चाललेल्या, आतल्या अधिकाऱ्याची मागणी नाही. त्यांना ते ऐकायचं नव्हतं. सकाळी पेपरात उभ्या बंबांचा फोटो. आठवड्याभरात कारणे दाखवा नोटीस. पुढं मला भांडारात बसवलं.

त्याच रात्री उशिरा शेजारच्या वस्तीतून यंत्रमागाच्या इमारतीची वर्दी आली. माझ्या सहांतल्या दोन गाड्या तिकडं वळवल्या आणि वरच्या मजल्यावर झोपलेले कामगार शिडीनं उतरवले. लोक मला अजून म्हणतात, नशीब तुझं, दुसरी वर्दी आली म्हणून तू बरोबर ठरलास. मला हे वाक्य फार लागतं. ती वर्दी आली नसती तरी मी बरोबरच होतो. राखीव ताकद वापरली गेली तरच तिचं मोल, असं ज्याला वाटतं त्याला मोठी आग कधी कळलीच नाही. चार दलांच्या गाड्या जेव्हा एका कारखान्यावर लागतात तेव्हा चार गावं उघडी पडलेली असतात. त्यांची काळजी त्या घटकेला कोण करतं? आत ब्रांच धरलेला करू शकत नाही, त्यानं करूही नये. नाक्यावर नोंदवही धरलेलं माणूस करतं.

मी हे माझी बाजू मांडायला लिहितोय असं तुला वाटेल. मांडतोयच. नोटिशीला उत्तर दिलं होतं, ते कुणी वाचलं नाही. तू तरी वाच.

इर्शाळवाडीचं घे. जुलै २०२३. रात्री दरड कोसळली, गाडीवाट नाही, पावसात डोंगर चढून जायचं, यंत्रं वर नेता येत नाहीत, हवेमुळं हेलिकॉप्टर उडत नाही. फावडी-कुदळींनी माती उपसायची. तिथं बंब म्हणजे माणूस. नवी मुंबई दलाचा एक अधिकारी ती वाट चढता चढता हृदयविकारानं गेला. त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली येतो. मला एवढं कळतं की जिथं माणूसच साधन असतं तिथं पायथ्याशी थांबवणं आणखी गरजेचं होतं. कोण ड्यूटी संपवून आलाय, कुणी सकाळपासून खाल्लेलं नाही, कुणाला बीपीची गोळी आहे, हे विचारायचं. वर गेलेली तुकडी किती वाजता बदलायची ते आधीच लिहायचं. पोरं 'मी ठीक आहे' म्हणणारच. त्यांचं ऐकायचं नाही.

न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ ला ३४३ अग्निशमन जवान गेले. नंतरच्या चौकशांमध्ये नोंद आहे की बऱ्याच तुकड्या ठरलेल्या जागी हजेरी न देता थेट मनोऱ्यांकडं गेल्या, सुट्टीवरचेही गेले. कोण आत आहे याचा हिशेब वरिष्ठांकडं नीट राहिला नाही. हे धैर्यच होतं. धैर्याला नोंद लागते, एवढंच मी म्हणतो. तुझ्या वहीत ज्याचं नाव आहे तो आत हरवला तर त्याला शोधायला कुणीतरी जाईल. ज्याचं नाव नाही तो हरवलाय हेच कुणाला कळत नाही. पोरांना हे सांग, मग बघू कोण पार्किंग म्हणतं.

मला खंत एकाच गोष्टीची आहे. मी होतो तिथं तिथं गाड्या थांबायच्या. मी निघालो की थांबायच्या बंद झाल्या. माझ्या हट्टावर चाललेली गोष्ट माझ्याबरोबरच गेली, कागदावर आलीच नाही. तुझं तसं होऊ देऊ नकोस. तू अजून तिशीत नाहीस, हाताशी वेळ आहे.

म्हणून या आठवड्यात एक काम कर. तुमच्या हद्दीतल्या औद्योगिक वसाहतीजवळ, नदीकाठच्या गावांजवळ आणि घाटाच्या पायथ्याला अशा जागा स्वतः फिरून बघ, जिथं पंधरा मोठ्या गाड्या उभ्या राहतील आणि रिव्हर्स न घेता निघतील. शाळेची मैदानं, बाजार समितीचं आवार, ट्रक टर्मिनस. पावसाळ्यात तिथं चिखल होतो का ते आसपासच्या दुकानदाराला विचार. जवळ पाणी भरायची सोय कुठं आहे ते लिही. शेजारच्या प्रत्येक दलाकडं कोणत्या गाड्या, किती फोम, किती बीए सेट आहेत याचा तक्ता त्यांच्या स्टेशनला फोन करून भर. आपल्या वहीचा नमुना त्याला जोड: गाडी कुठून आली, किती माणसं, काय साहित्य, किती वाजता आली, कुणाच्या मागणीवर कुठं सोडली, किती वाजता परतली. परतल्याचा रकाना विसरतात सगळे, तो आधी आख. मग हे तुझ्या साहेबांच्या सहीनं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला पाठव. साहेब सही करायला टाळाटाळ करतील तर रोज सकाळी फाइल टेबलावर ठेव. आपत्तीत जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते, तेव्हा कागद तिथंच पोचायला हवा. आणि देताना आवक क्रमांक लिहून घे, नाहीतर वर्षभरानं म्हणतील असं पत्र आलंच नव्हतं.

तुझा,
सर