स्क्लेरोडर्मात पोट फुगतं, रात्री जेवण वर येतं, तिखट बंद केलं तर थांबेल का?

तुम्ही लिहिलंय आईला स्क्लेरोडर्मा (कातडी आणि आतले अवयव कडक होत जाणारा आजार) निघालाय, आणि सगळे म्हणतात कोल्हापूरचं तिखट सोडा. तिखटानं हा रोग होत नाही, बास. झोंबत असेल तर सोडा, पण त्यानं अन्ननलिका हलायला लागणार नाही. अन्ननलिकेच्या खालच्या दोन तृतीयांश भागातला स्नायू निकामी होत जातो, खालची झडप सैल पडते, मग खाल्लेलं नीट खाली जात नाही आणि ॲसिड वर यायला मोकळं. बहुतेक पेशंटना पोटाचा काही ना काही त्रास असतोच, पण घरातले कातडी आणि बोटं बघत बसतात.

माझ्या आईलाही हाच आजार, आणि आमच्यात तर बोटंही कुणी बघितली नाहीत. थंडीत नळाच्या पाण्यात भांडी घासताना आईची बोटं पांढरी पडायची, मग निळी, आणि सगळे म्हणायचे रक्त कमी आहे, बीट खा. पोटासाठी वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी, तीही जेवल्यावर, जी खरं तर खायच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. शेवटी पुण्यात संधिवाताच्या डॉक्टरांनी हात बघूनच ओळखलं, एएनए वगैरे रक्ताच्या टेस्ट नंतर झाल्या. त्यांनी सांगितलं रात्री जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही आणि कॉटचे डोक्याकडचे पाय सहा इंच उचला, उशा वाढवून काही होत नाही, उलट पोट दुमडतं. मी वखारीतनं लाकडाचे ठोकळे कापून आणले, आईला झोप लागायला लागली.

मग नवरात्रात आत्या आली, अंबाबाईच्या दर्शनाला. मी कामावर असताना तिनं ठोकळे काढून गॅलरीत ठेवले, कॉट वाकडी दिसते, पाहुणे काय म्हणतील. वर रात्री झोपताना आईला ग्लासभर हळदीचं दूध दिलं, आणि आमची आई नणंदेला नको म्हणेल तर शपथ. मध्यरात्री आई खोकत उठली, नाकातोंडातनं दूध, श्वास लागेना. मी आत्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही. तिचं एकच, आमच्या आईनं जन्मभर दूध पिऊन झोप काढली, तिला कधी काय झालं न्हाई. अगं पण आजीला स्क्लेरोडर्मा नव्हता! हे वर आलेलं श्वासनलिकेत उतरतं आणि या आजारात फुफ्फुसं आधीच कडक व्हायची भीती असते, त्यात ही भर. आत्या आजपण म्हणते मी तिचा अपमान केला. केला असेल.

फुगण्याचं कारण जरा वेगळं. आतडीपण मंद होतात, अन्न साचतं, लहान आतड्यात नको तेवढे बॅक्टेरिया वाढतात, मग गॅस, जुलाब, वजन उतरणं, बी१२ कमी. त्याला अँटिबायोटिकचा कोर्स असतो, काहींना आलटून पालटून द्यावा लागतो, डॉक्टरांना स्पष्ट विचारा. इसबगोल आपल्या मनानं देऊ नका (हाही आत्याचाच उपाय), आतडी ढकलत नसतील तर ते आत फुगून बसतं, आई दोन दिवस पोटाला हात लावू देत नव्हती.

आणि तिखटाचंच म्हणाल तर लोक तांबडा बंद करून पांढरा वाढतात, सौम्य म्हणून. त्यात नारळाचं दूध, काजू, मटणाचा अळणी रस्सा, म्हणजे चरबीच, आणि चरबीनं पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो. आई तांबडा घेते दोन चमचे, वरची तर्री काढून, दुपारी. थोडं थोडं पण चार-पाच वेळा खायला द्या.

मी डॉक्टर नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं, तुमच्या आईला दूध सोसतही असेल. पण घास छातीत अडकत असेल, शी डांबरासारखी काळी होत असेल किंवा हिमोग्लोबिन उगाच उतरत असेल तर एंडोस्कोपी टाळू नका, या आजारात जठराच्या आतनं हळूहळू रक्त झिरपू शकतं, दिसत नाही. "हिचे खायचे नखरे आहेत" म्हणणारं तुमच्याकडंपण कुणी असेलच, त्यांना हे वाचायला द्या, मी आत्याला लिंक पाठवणारच आहे. आणि एक राहिलं, सांधे दुखतात म्हणून कुणी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या तर आधी संधिवाताच्या डॉक्टरांना विचारा, जास्त डोसनं या आजारात किडनी अचानक बिघडू शकते, बीपी घरी मोजत जा.