वाचकांचे प्रश्न : टँकर भरताना आणि खाली करताना

पेट्रोल, डिझेल, बेंझीन, टोल्युइन यांसारखे पदार्थ टँकरमध्ये भरणाऱ्या आणि टँकर खाली करणाऱ्या कामगारांची, तसेच त्यांच्या घरच्या माणसांची काही पत्रे आमच्याकडे आली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेक पत्रांत एक तक्रार सारखीच आहे : काय करायचे ते सांगितले जाते, पण ते का करायचे हे कोणी समजावून सांगत नाही. म्हणून खालील उत्तरांत कारणांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : टँकरला अर्थिंगची वायर लावल्याशिवाय भरणी सुरू करू नये, असा आमच्याकडे नियम आहे. मी अनेक वर्षे हे काम करतो. घाईच्या वेळी कितीदा तरी वायर न लावता टँकर भरला गेला आहे आणि कधीही काही झाले नाही. दमट हवेत स्थिर विद्युत तयारच होत नाही, असेही सहकारी म्हणतात. मग या वायरीचे इतके महत्त्व का?

उत्तर : आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. वायर न लावता भरलेले ते सर्व टँकर सुरक्षित नव्हते. त्या त्या वेळी आग लागण्यासाठी आवश्यक असलेल्या गोष्टींपैकी एखादी योगायोगाने हजर नव्हती, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पेट्रोल, डिझेल, टोल्युइन हे द्रव विजेचे अत्यंत मंद वाहक आहेत. असा द्रव पाइपातून, आणि विशेषतः बारीक जाळीच्या फिल्टरमधून, वेगाने वाहतो तेव्हा घर्षणाने त्याच्यात विद्युतभार निर्माण होतो आणि तो भार द्रवाबरोबरच टाकीत येऊन पडतो. टँकर रबरी टायरांवर उभा असल्यामुळे त्या भाराला जमिनीत जाण्याची खात्रीची वाट नसते. मग टँकरच्या पत्र्यावर साठलेला भार जवळच्या लोडिंग आर्मकडे (माल भरण्याच्या हलत्या नळाकडे) किंवा कामगाराच्या हाताकडे ठिणगीच्या रूपाने उडी घेऊ शकतो. पेट्रोलची बाष्पे पेटण्यासाठी सुमारे ०.२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. माणसाला स्थिर विद्युतचा झटका साधारण ३,००० व्होल्टच्या पुढेच जाणवतो, आणि हाताला जेमतेम जाणवलेल्या त्या झटक्यातही याहून अधिक ऊर्जा असू शकते. म्हणजे "झटका किरकोळ होता" या म्हणण्याला येथे काहीही अर्थ उरत नाही.

दमट हवेविषयीचा समज अर्धाच खरा आहे. हवेतील ओलाव्यामुळे कपड्यांवर आणि वस्तूंच्या पृष्ठभागावर भार साठणे कमी होते. पण बंद पाइपाच्या आत वाहणाऱ्या द्रवात जो भार तयार होतो, त्याचा बाहेरच्या हवेशी संबंध नसतो. पावसाळ्यातही वायर तितकीच आवश्यक आहे.

आता क्रमाविषयी, कारण चूक बहुधा तेथेच होते. टँकर उभा करून, इंजिन बंद करून, चाकांना ठोकळे लावल्यावर सर्वांत आधी अर्थिंगचा क्लॅम्प, म्हणजे वायरीच्या टोकाचा चिमटा, लावावा आणि त्यानंतरच झाकण उघडावे किंवा होज (लवचीक नळी) जोडावा. काम संपल्यावर आधी होज सोडावा, झाकणे बंद करावीत आणि क्लॅम्प सर्वांत शेवटी काढावा. क्लॅम्प लावताना किंवा काढताना ठिणगी पडलीच, तर त्या वेळी जवळ मोकळी बाष्पे असू नयेत, हा या क्रमामागचा हेतू आहे. क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर बसला तर तो लावून न लावल्यासारखा होतो; त्याचे दात उघड्या धातूला भिडले पाहिजेत. या जोडणीचा रोध १० ओहमपेक्षा जास्त नसावा, असा प्रघात आहे आणि तो ठरावीक काळाने मोजून घेण्याची मागणी आपण अवश्य करावी.

मात्र एक गोष्ट विसरू नये. वायर टँकरच्या धातूवरचा भार वाहून नेते. द्रवाच्या आत असलेला भार निवायला थोडा वेळ लागतोच. म्हणून भरणीचा पाइप टाकीच्या तळापर्यंत नेतात आणि त्याचे तोंड द्रवात बुडेपर्यंत प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवतात. उंचावरून फवाऱ्यासारखा पडणारा द्रव भारही वाढवतो आणि बाष्पही. भरणी संपताच धातूची डिपपट्टी (पातळी मोजण्याची पट्टी) किंवा नमुन्याचे भांडे आत सोडू नये. टँकरच्या बाबतीत काही मिनिटे थांबावे, मोठ्या साठवण टाकीच्या बाबतीत ३० मिनिटे थांबण्याची पद्धत आहे.

प्रश्न : आमच्या डेपोत डिझेल भरताना कोणी फारशी काळजी घेत नाही, कारण डिझेल सहज पेटत नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर : डिझेल सहज पेटत नाही हे खरे आहे. पेट्रोलची बाष्पे उणे ४० अंश सेल्सियसच्या खालीही पेटण्याइतकी तयार होतात, तर डिझेलला त्यासाठी साधारण ५० अंशांच्या वर तापावे लागते. परंतु टँकरच्या ज्या कप्प्यात आज डिझेल भरले जात आहे, त्याच कप्प्यात काल पेट्रोल असेल तर हे गणित पूर्णपणे बदलते.

पेट्रोलची बाष्पे हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असतील तेव्हाच पेटतात. पेट्रोलने भरलेल्या कप्प्यात बाष्पे याहून कितीतरी जास्त असतात, म्हणून ते मिश्रण सहसा पेटत नाही. कप्पा रिकामा करताना हवा आत शिरते. नंतर त्यात डिझेल पडू लागले की ते उरलेली पेट्रोलची बाष्पे शोषून घेते आणि मिश्रण नेमके पेटण्याच्या मर्यादेत येते. त्याच वेळी डिझेल वाहताना स्वतःबरोबर विद्युतभार आणत असते. सहज न पेटणारा पदार्थ भरतानाच अशा रीतीने स्फोट होतो. म्हणून कप्प्यात आधी कोणता माल होता, हे भरणीपूर्वी विचारणे आणि लिहून ठेवणे हा कागदी सोपस्कार मानू नये. उत्तर मिळाले नाही तर कप्प्यात पेट्रोलच होते असे धरून सुरुवातीचा वेग कमी ठेवावा. भरणारा माणूस आणि टँकरचालक हे वेगवेगळ्या संस्थांचे असतात, आणि ही माहिती दोघांच्या मध्ये हरवते, असे मला वाटते.

प्रश्न : माझे यजमान रसायनांचे टँकर खाली करण्याचे काम करतात. कपड्यांना उग्र वास येतो, वारंवार डोके दुखते. ते म्हणतात, सवय झाली आहे. मी काय करावे?

उत्तर : ताई, वासाची सवय होणे हे शरीराला त्रास होत नसल्याचे लक्षण नाही, नाकाने सूचना देणे थांबवले आहे, एवढेच त्यातून कळते. डोकेदुखी, गरगरणे, मळमळ ही श्वासावाटे बाष्पे शरीरात जात असल्याची लक्षणे असू शकतात. यजमानांना डॉक्टरांकडे नेताना ते कोणकोणती रसायने हाताळतात त्यांची नावे लिहून न्यावीत. नुसते "केमिकलचे काम" एवढे सांगितल्याने डॉक्टरांना दिशा मिळत नाही. प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक कामाच्या ठिकाणी असते आणि ते मागण्यात संकोच नसावा.

त्या यादीत बेंझीन असेल तर विशेष दक्षता हवी. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत ८ तासांच्या पाळीसाठी हवेतील बेंझीनची सरासरी मर्यादा दशलक्ष भागांत १ भाग आहे, आणि एवढ्या कमी प्रमाणात बहुतेकांना त्याचा वासही येत नाही. अशा कामगाराची रक्ततपासणी नियमितपणे व्हायला हवी.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. शक्य असेल तर ते कामाच्या ठिकाणीच बदलावेत. हातावरचे डाग पेट्रोलने किंवा थिनरने पुसण्याची सवय असल्यास ती आजच सोडायला सांगावे, कारण त्यामुळे त्वचेवरचा तेलकट थर निघून जातो आणि रसायन आत शिरणे सोपे होते. हातमोजे त्या रसायनासाठीच नेमलेले असावेत. एका द्रवाला अडवणारे रबर दुसऱ्या द्रवात फुगून झिरपू लागते. आणि अंगावर पेट्रोल सांडलेच तर कपडे ओढून काढण्याआधी ते पाण्याने भिजवावेत, कारण कोरडे कपडे अंगावरून काढताना होणाऱ्या घर्षणाचीसुद्धा ठिणगी पडू शकते.

प्रश्न : टँकर खाली होत असताना चालकाने तेथेच उभे राहायला हवे का? तास-दीड तास नुसते उभे राहण्यात काय साधते?

उत्तर : होय, उभे राहायला हवे, आणि आपत्कालीन व्हॉल्व्ह हाताशी येईल अशा जागी, वाऱ्याची दिशा पाहून उभे राहायला हवे. होज सुटला किंवा टाकी भरून वाहू लागली तर पहिल्या काही सेकंदांत व्हॉल्व्ह बंद करणारा माणूसच सर्वांना वाचवतो. बाष्पे हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जातात आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचतात. सुरुवात करण्याआधी खालच्या टाकीत किती जागा शिल्लक आहे हे मोजावे. टाकी काठोकाठ भरणे केव्हाही चूक. २०,००० लिटर पेट्रोलचे तापमान १० अंशांनी वाढले तर त्याचे आकारमान सुमारे १९० लिटरने वाढते, आणि त्याला सामावायला जागा लागते. निघण्यापूर्वी टँकरभोवती एक फेरी मारून होज सुटलेला आहे याची स्वतः खात्री करावी.

प्रश्न : टँकर धुण्यासाठी आत उतरावे लागते. तोंडाला रुमाल बांधून पटकन जाऊन आलो तर चालते का?

उत्तर : नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. रुमाल धूळ अडवतो, वायू नाही. साधा गाळणीचा मुखवटाही येथे उपयोगी नाही, कारण तो हवा गाळतो. आत प्राणवायूच नसेल तर गाळून काय मिळणार? हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो आणि तो १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत जाऊ नये. नायट्रोजन भरलेल्या टाकीत तर एक-दोन श्वासांतच माणूस बेशुद्ध पडतो. त्याला गुदमरल्याची जाणीवही होत नाही.

कच्चे तेल किंवा डांबर वाहणाऱ्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, परंतु दशलक्षात सुमारे १०० भाग इतके प्रमाण झाले की नाकाची घ्राणशक्तीच बधिर होते. वास गेला म्हणून वायू गेला असे समजून उतरलेले कितीतरी कामगार परतले नाहीत.

आत जाण्याआधी टाकी इतर सर्व जोडण्यांपासून तोडलेली असावी, हवेशीर केलेली असावी आणि वर, मध्ये व तळाशी अशा तिन्ही ठिकाणी वायूची चाचणी झालेली असावी. चाचणीत प्राणवायू आधी मोजतात, कारण ज्वलनशील वायू मोजणारी बरीचशी उपकरणे पुरेशा प्राणवायूशिवाय खरा आकडा दाखवत नाहीत. लेखी परवाना, अंगावर दोरासह हार्नेस (सुरक्षा पट्टा) आणि टाकीच्या तोंडाशी सतत उभा राहणारा एक माणूस, यांपैकी एकही नसेल तर आपण आत उतरण्यास नकार द्यावा.

बाहेरच्या त्या माणसासाठी दोन ओळी, कारण त्याच्याविषयी कोणी विचारलेले नाही. आतला सोबती कोसळलेला दिसला की त्याच्याकडे धाव घेण्याची ऊर्मी माणुसकीची आहे, आणि बंद टाक्यांतील अपघातांत वाचवायला उतरलेलेच अनेकदा मृत्युमुखी पडले आहेत. त्याने हाक द्यावी, बाहेरूनच दोराने ओढावे, आणि हवेचे सिलिंडर पाठीवर असलेले प्रशिक्षित पथक येईपर्यंत टाकीच्या तोंडातून डोकेसुद्धा आत घालू नये.