नवा लॅपटॉप, जुना कर्नल

प्रश्न: नव्या लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. इन्स्टॉलेशन सुरळीत झालं, पण ग्रबच्या (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूनंतर स्क्रीन काळीच राहते. रिकव्हरी मोडमधून आत शिरलो, तर वाय-फाय गायब. पुन्हा इन्स्टॉल करूनही तेच. 'एलएसपीसीआय' या हार्डवेअरची यादी देणाऱ्या कमांडमध्ये वाय-फायच्या ओळीत रिअलटेक ८८५२बीई दिसतं. ड्रायव्हरचा सोर्स (मूळ कोड) आणून स्वतः कंपाइल करू का? की हा लॅपटॉप लिनक्सच्या कामाचाच नाही?

उत्तर: लॅपटॉप अगदी कामाचा आहे. डेबियन १२ सोबत ६.१ कर्नल (हार्डवेअर हाताळणारा लिनक्सचा गाभा) येतो, तो डिसेंबर २०२२चा. तुमच्या वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आला ६.२ पासून. म्हणजे अवघ्या एका आवृत्तीने चुकामूक झाली आहे. तीच आवृत्ती पुन्हा पुन्हा टाकणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

खात्री करून घ्या. 'एलएसपीसीआय'ला '-एनएनके' हा पर्याय जोडून चालवा. नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत चौकटी कंसात १०ईसी:बी८५२ असा आकडा दिसेल. आधीचा भाग कंपनीचा, नंतरचा कार्डाचा. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नसेल, तर कर्नलला हे कार्ड ठाऊक नाही. ओळ असूनही वाय-फाय चालत नसेल तर गोष्ट वेगळी: 'डीमेसेज'मध्ये (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये) फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, फाइल सापडत नसल्याची तक्रार शोधा.

काळ्या स्क्रीनमागे बहुतेक ग्राफिक्सचीही हीच गत आहे. ग्रबमध्ये 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून 'नोमोडसेट' (ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवणारा पर्याय) जोडा आणि एफ१० दाबा. चित्र आलं, तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरकडे. पण हा पर्याय कायमचा ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्यात ग्राफिक्स चिप जवळजवळ बिनकामाची राहते आणि ब्राइटनेस, स्लीप यांचीही रड सुरू होते. अनेक जण तिथेच थांबतात आणि लिनक्स संथ आहे असं म्हणत बसतात, याचं मला वाईट वाटतं.

लॅपटॉपवर अजून महत्त्वाचं काही नसेल, तर सरळ डेबियन १३ टाका, त्यात ६.१२ कर्नल आहे. डेटा असेल तर बॅकपोर्ट्स (जुन्या डेबियनसाठी नव्या आवृत्त्या देणारं डेबियनचंच भांडार) चालू करून तिथला कर्नल घ्या, आणि फर्मवेअरचं पॅकेजही तिथूनच. नेटसाठी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला द्या. ते वायर्ड नेटवर्क म्हणून दिसतं.

सोर्स कंपाइल करायच्या फंदात आत्ता पडू नका. डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा कंपाइल करणारी सोय) नसेल तर प्रत्येक नव्या कर्नलसाठी तेच काम पुन्हा, शिवाय सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे असा कंपाइल केलेला ड्रायव्हर, लोडच होत नाही. डेबियनचा स्वतःचा कर्नल सही केलेला असतो.

रीस्टार्टनंतर 'यूनेम -आर' चालवून नवाच कर्नल सुरू आहे ना ते बघा. जुना मात्र लगेच काढू नका. स्लीप, आवाज, कॅमेरा तपासून होईपर्यंत तो ग्रबच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये राहू द्या.