घरी गाण्याच्या तालावर चालणारं दिवाळीचं लायटिंग करायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की यंदा दिवाळीला घरी गाण्यावर चालणारं लायटिंग करायचंय, बजेट पाच हजार आहे, कुठलं किट घेऊ. आणि खाली एकानं लगेच लिहून टाकलंय की माइकवाला कंट्रोलर, म्हणजे आवाज ऐकून दिवे पेटवणारा डबा घ्या, तीनशे रुपयात काम होतं, बाकी सगळा वेळेचा खेळखंडोबा. मी एरवी इथं नुसता वाचत असतो, पण हे वाक्य मी आमच्या दाजींकडून २०२१ पासून ऐकतोय, त्यामुळं आज लिहितोच.

किटचं नंतर बघू, आधी गाणं ठरवा. माल आणून मग गाणं शोधणाऱ्यांची लायटिंगं मी बघितलीत, सगळी सारखीच दिसतात, सगळं सतत लुकलुकतंय आणि गाणं आपलं बाजूला चाललंय. गाणं घ्या, दहा वेळा ऐका, वही घेऊन बसा आणि कुठल्या सेकंदाला काय होतं ते लिहा. ठेका कुठं सुरू होतो, कुठं थांबतो, कुठं दुप्पट होतो. थांबतो ती जागा सगळ्यात महत्त्वाची, कारण तिथं अंधार करायचा असतो. अंधार केल्याशिवाय पुढचा उजेड दिसतच नाही.

आम्ही साताऱ्याचे. वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, वीज मंडळात वायरमन होते आणि ऐंशीच्या दशकात पेठेतल्या मंडळाची गणपतीची रोषणाई तेच करायचे. तेव्हा पळते दिवे करायला लाकडी रोळ असायचा, त्यावर पितळी पट्ट्या ठोकलेल्या, मोटरीवर रोळ फिरायचा आणि पट्टी जिथं टेकेल ती माळ पेटायची. आमच्या माळ्यावर तो रोळ अजून आहे, पट्ट्या काळ्या पडल्यात. आण्णांची एकच खंत होती, की रोळ आपल्या गतीनं फिरतो, हलगीच्या गतीनं फिरत नाही. समोर लेझीम चालू असायची आणि दिवे वेगळ्याच चालीत पळायचे. हे मी लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून पहिल्यांदा करायचं ठरवलं तेव्हा गाणं शोधावं लागलंच नाही. पेठेतल्या पोरांच्या लेझीमच्या सरावाचं रेकॉर्डिंग केलं, हलगी, घुमकं आणि कैताळ, २ मिनिटं १० सेकंद. आपलंच रेकॉर्डिंग असल्यामुळं व्हिडिओ टाकला तरी कॉपीराइटची कटकट नाही, हा आणखी एक फायदा.

माल म्हणाल तर ५ व्होल्टचे बुलेट पिक्सेल, म्हणजे आत डब्ल्यूएस२८११ ची चिप असलेले, प्रत्येकाचा रंग वेगळा ठरवता येतो असे दिवे, ५० ची एक माळ अशा तीन माळा. एक गॅलरीच्या कठड्याला, एक दाराच्या कमानीला आणि एक पोरांच्या किल्ल्याला, कारण अंगणात अजिंक्यतारा केलेला होता आणि बुरुजांवर दिवे पाहिजेत असा पोरांचा हट्ट होता. कंट्रोलर म्हणून ईएसपी३२ हा छोटा वायफायवाला बोर्ड आणि त्यात दिवे चालवणारं डब्ल्यूएलईडी, लॅपटॉपवर गाण्याला दिवे बसवायचं एक्सलाइट्स. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. दीडशेतच थांबलो त्याला कारण आहे, एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे दिव्यांना हुकूम पाठवायच्या एका गठ्ठ्यात, ५१२ चॅनेल, एका पिक्सेलला तीन (लाल, हिरवा, निळा), म्हणजे १७० पिक्सेल बसतात. सुरुवातीला एकाच युनिव्हर्समध्ये राहा, डोकं शांत राहतं.

पहिला फटका बसला वसुबारसेला. सगळं पांढरं करून बघितलं तर कठड्याला पांढरं, कमानीवर पिवळट आणि किल्ल्यावर चक्क तांबडं. मला वाटलं माळच खराब आली, दुकानदाराला फोनवर नाही नाही ते बोललो. आण्णा मल्टिमीटर घेऊन आले, पहिल्या पिक्सेलला ४.९, शेवटच्याला ३.४. म्हणाले, "आरं शेवटच्या नळाला पाणी येतं का? तिकडनं बी लाइन दे." निळ्या-हिरव्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, तांबडीला २ च्या आसपास, त्यामुळं व्होल्टेज पडलं की आधी निळा मरतो आणि पांढऱ्याचा तांबडा होतो. मग दीड स्क्वेअर एमएमची वायर घेऊन मधे आणि शेवटी पण सप्लाय दिला आणि रंग जागेवर आला. दुकानदाराला परत फोन करून माफी मागितली. पिक्सेलला फुल पांढऱ्यावर जास्तीत जास्त ६० मिलिअँपिअर धरा, दीडशेला ९ अँपिअर. मी १० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे ५ व्होल्ट करणारा सप्लाय, आणला होता, तो तापायला लागला, तुम्ही सरळ १५ चा आणा.

पण खरं सांगायचंय ते पुढचं. २ मिनिटं १० सेकंदांच्या सिक्वेन्सला, म्हणजे कुठल्या ठोक्याला कुठला दिवा हे बसवायला, वसुबारसेआधीच माझ्या अकरा रात्री गेल्या होत्या. रेकॉर्डिंग लावायचं, प्रत्येक ठोक्याला खूण टाकायची, मग कुठल्या खुणेला कुठली माळ ते ठरवायचं. लेझीमची पोरं डावीकडं झुकतात तिथं कठडा डावीकडून पेटायचा, खाली वाकतात तिथं कमान वरून विझत यायची, उठतात तिथं बुरुज. लॅपटॉपवर ऐकत बघितलं तर एक नंबर बसलं होतं.

धनत्रयोदशीला संध्याकाळी ब्लूटूथ स्पीकर ओट्यावर ठेवला आणि चालू केलं. पोरं ओरडली, आई बाहेर आली, शेजारचे गॅलरीत. आण्णा गेटजवळ उभे होते, हात गेटच्या कडीवर, दोन बोटांनी ठेका धरलेला. अर्ध्या मिनिटात बोटं थांबली. मी बघत होतो, दुसऱ्या कुणाच्या लक्षात पण आलं नाही. संपल्यावर जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "दिवा म्होरं पळतोय, हलगी मागनं येतीया."

मी रात्री परत लॅपटॉप उघडला, सगळं बरोबर. बाहेर लावलं की चूक. दोन रात्री मी हातानं एकेक खूण मागं सरकवत बसलो, अभ्यंगस्नानाच्या दिवशी पहाटे चारपर्यंत. बाहेर जरा बरं वाटायला लागलं तर लॅपटॉपवर बिघडलं. शेवटी वैतागून आण्णांच्या जुन्या अँप्लिफायरला ऑक्सची वायर लावली आणि मूळ फाइल चालवली, आणि जिथल्या तिथं ठोका! सगळा दोष ब्लूटूथचा होता. ब्लूटूथ स्पीकरला आवाज पोचायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जास्त लागतात. नुसतं गाणं ऐकताना कळत पण नाही, पण आमची हलगी मिनिटाला १२० ठोक्यांची, म्हणजे दर ठोक्याला अर्धा सेकंद, आणि दुप्पट लयीत पाव सेकंद. तिथं २०० मिलिसेकंद म्हणजे जवळपास पुढच्या ठोक्यावरच गेलात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या, म्हणून तुम्हाला सांगतोय, वायर लावा, वायर लावा, वायर लावा.

लक्ष्मीपूजनाला आण्णांची बोटं शेवटपर्यंत कडीवर होती. नंतर म्हणाले, माझ्या रोळाला जे जमलं न्हाय ते ह्यानं केलं. मला तेवढं पुरे होतं.

पाडव्याला ताई आणि दाजी सांगलीहून आले. दाजींनी पूर्ण बघितलं, टाळ्या पण वाजवल्या, आणि जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले की छान आहे पण अकरा रात्री घालवायची काय गरज होती, माइकवाला डबा मिळतो, आवाज आला की लाइट आपोआप नाचते, तेच की. आण्णा ताटावर होते, काही बोलले नाहीत. मी पण बोललो नाही, जावई माणूस. पण ते "तेच की" माझ्या डोक्यातून गेलं नाही.

तेच नाहीये. तीनशे रुपयाच्या माइकवाल्या डब्याला फक्त आवाज मोठा झाला की छोटा एवढं कळतं. ठोका येऊन गेला की तो पेटतो, ठोका येणार आहे हे त्याला माहीत नसतं, त्यामुळं ठोक्याच्या आधीचा अंधार त्याला करता येत नाही. कमान वरून खाली विझवत आणून बरोबर समेवर बुरुज पेटवणं त्याला या जन्मात जमणार नाही. आणि त्याला हलगी आणि लवंगी यातला फरक कळत नाही. पुढच्या वर्षी भाऊबीजेला मी सांगलीला ताईकडं विश्रामबागला गेलो तेव्हा दाजींनी तो डबा लावलेला होता. गाणं मंद चाललेलं, गल्लीत पोरांनी सुतळी लावली की सगळी गॅलरी पांढरी, लवंगीची माळ लागली की पाच मिनिटं नुसता थयथयाट, आणि गाण्यातला शांत आलाप आला की पूर्ण अंधार. दिवाळीत माइक लावायचा म्हणजे फटाक्यांच्या तालावर लायटिंग. मी दाजींना तिथंच सांगितलं. ते म्हणाले, त्यात पण मजा आहे. दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर, मजा असेल, पण त्याला गाण्यावरचं लायटिंग म्हणू नका.

बरं, माइक घरात, दारं बंद करून, पार्टीबिर्टीला ठीक आहे, तेवढं मान्य करतो. आणि लहान पोरांना तेवढंच पाहिजे असेल तर अकरा रात्री घालवू नका.

आता राहिलेल्या गोष्टी. पिक्सेलवर बाण असतो, डेटा बाणाच्याच दिशेनं जातो, उलटी माळ लावली तर एक पण पेटणार नाही. मधला एक मेला की त्याच्या पुढचे सगळे बंद, म्हणून दहा-बारा जादा ठेवा आणि सोल्डरिंग शिका. ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा, पिक्सेलला ५ चा लागतो, पहिली वायर वीतभर असेल तर चालून जातं, लांब असेल तर भलतेच रंग चमकायला लागतात, मधे ७४एएचसीटी१२५ ही सिग्नल ५ व्होल्टचा करणारी चिप टाका. कंट्रोलर आणि एसएमपीएसचं ग्राउंड एकत्र करा, हे विसरलात तर दिवसभर डोकं खाजवत बसाल. वायफायवर दीडशे पिक्सेल चालतात, पण गल्लीत प्रत्येक घरात राउटर असतो, मधेच अडखळतं. मी दुसऱ्या वर्षी रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर फाल्कन प्लेयर हा सिक्वेन्स वाजवणारा प्रोग्रॅम टाकला आणि लॅपटॉप बाजूला केला, गाणं आणि दिवे दोन्ही तिथूनच सुटतात.

हे आधी लिहायला हवं होतं, आता लिहितो. परतीचा पाऊस आमच्याकडं दिवाळीपर्यंत रेंगाळतो, पिक्सेल पाण्यात टिकतात पण एसएमपीएस टिकत नाही. तो छपराखाली, जमिनीपासून वर, झाकणाच्या डब्यात, आणि आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या. अंगणात अनवाणी पोरं पळत असतात. आण्णांनी आरसीसीबी बसल्याशिवाय प्लग लावू दिला नव्हता आणि त्यांचं बरोबर होतं. रात्री दहानंतर स्पीकर बंद, तो कायदाच आहे, आणि शेजारी कुणी आजारी असेल तर आठलाच बंद करा.

परदेशातल्या व्हिडिओत एफएम ट्रान्समीटर लावून लोकांना गाडीत गाणं ऐकवतात, ते बघून आणू नका, आपल्याकडं परवान्याशिवाय चालत नाही. आणि गर्दीचं म्हणाल तर अमेरिकेत ओहायोमधल्या कार्सन विल्यम्सनं २००४ च्या नाताळात घरावर १६,००० दिवे ८८ चॅनेलवर गाण्याला बसवले होते, पुढच्या वर्षी त्याचा व्हिडिओ जगभर फिरला आणि बघायला गाड्यांची एवढी रीघ लागली की त्याला तो बंद करावा लागला. तुमची गल्ली किती फुटांची आहे ते आधी बघा.

पाच हजारात होईल का, हा तुमचा मूळ प्रश्न. मला पहिल्या वर्षी साडेसहा लागले, त्यात अँप्लिफायर घरचा होता आणि आरसीसीबीचे पैसे धरलेले नाहीत. तुम्ही दोन माळा, शंभर पिक्सेलवर सुरू केलंत तर पाचात बसेल. रेडीमेड किट घेऊ नका, त्यात पाहिजे ती जाड वायर कधीच नसते. गाणं कुठलं घेताय आणि गॅलरी किती फूट आहे ते खाली लिहा, दोन पिक्सेलमध्ये किती अंतर ठेवायचं ते सांगतो.